नारिंगी डबीवरची तारीख

सोमवारी सकाळी बेननी मला जिन्यातच थांबवलं. "सीक्यूसीचा मेल आलाय. पंधरा दिवसांनी येतायत."

बेन म्हणजे आमच्या दातांच्या दवाखान्याच्या हेड नर्स. गुजराती, पन्नाशीच्या, बावीस वर्षं याच खुर्च्यांच्या बाजूला उभ्या राहिलेल्या. दवाखाना लेस्टरमध्ये, लाल विटांच्या जुन्या चाळवजा घरांच्या रांगेतला. खाली दोन खुर्च्या, वर एक. मी सांगलीची. बीडीएस तिथेच केलं, अडीच वर्षं एका दवाखान्यात काम केलं, मग लग्न होऊन इकडे आले. इथे डॉक्टर म्हणून पेशंटला हात लावायचा तर ओआरईसारखी, म्हणजे परदेशात शिकलेल्या डेंटिस्टांसाठीची, परीक्षा पास व्हावी लागते. परीक्षेचे दोन भाग, जागा मोजक्या, आणि बुकिंग उघडलं की काही मिनिटांत संपतं. तोवर घरी बसवत नव्हतं, म्हणून ट्रेनी डेंटल नर्सची नोकरी धरली. त्या सोमवारी मला चौदा महिने झाले होते.

सीक्यूसी म्हणजे केअर क्वालिटी कमिशन. इंग्लंडमधली इस्पितळं, वृद्धाश्रम, जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, दवाखाने तपासणारी संस्था. दातांचे दवाखाने २०११ च्या एप्रिलपासून तिच्या कक्षेत आले. इस्पितळांना ती श्रेणी देते, दातांच्या दवाखान्यांना देत नाही. पण अहवाल तिच्या वेबसाइटवर टाकते, आणि तो गल्लीतला कुणीही वाचू शकतो. उपचार सुरक्षित आहेत का, त्यांचा उपयोग होतो का, माणसांशी आपुलकीने वागतात का, पेशंटच्या गरजेकडे लक्ष देतात का आणि कारभार धड आहे का, हे पाच प्रश्न घेऊन ते येतात.

पुढचे पंधरा दिवस घरात कार्य असल्यासारखे गेले. मॅनेजरने कर्मचाऱ्यांच्या फायली उघडल्या, तर माझ्याच फाइलमध्ये भोक निघालं. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घेतल्याचा सांगलीचा कागद होता, पण अँटिबॉडी तयार झाल्या की नाही याचा रिपोर्ट नव्हता. तातडीने रक्त दिलं. नळांच्या तापमानाच्या नोंदी, एक्स-रे मशीनचे कागद, आग लागली तर कुठून बाहेर पडायचं त्याची पाटी, सगळं झालं. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या : इन्स्ट्रुमेंट्स धुण्याची खोली आणि इमर्जन्सीची बॅग. बॅग मी त्या पंधरा दिवसांत तीनदा तपासली. एकदा एकटीने, एकदा बेनसोबत, एकदा मॅनेजरसमोर. हे मुद्दाम सांगतेय.

ठरलेल्या दिवशी नऊला दोघी आल्या. एक इन्स्पेक्टर, आणि तिच्यासोबत सल्लागार म्हणून एक डेंटिस्ट, साठीच्या आसपासच्या. इन्स्पेक्टर मॅनेजरच्या खोलीत फायली घेऊन बसली. डेंटिस्ट बाई सरळ माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता जो पेशंट बाहेर गेला, त्याचा ट्रे घ्या आणि रोज करता तसं करून दाखवा."

छाती धडधडत होती, पण हात चालू लागले. जाड हातमोजे, एप्रन, चेहऱ्यावर शील्ड. मळक्या बाजूच्या सिंकमध्ये पाणी भरलं, थर्मामीटर बुडवला, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि स्केलरचं, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडायच्या अवजाराचं, टोक पाण्याखाली धरून घासायला लागले.

"पाण्याखालीच का?"

"वर घासलं तर शिंतोडे उडतात. रक्त असतं त्यात."

"आणि पाणी किती गरम?"

"४५ अंशांच्या आत."

"का? जास्त गरम पाण्याने जास्त स्वच्छ होणार नाही का?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आमच्या स्वयंपाकघरात मी ते लहानपणापासून पाहिलं होतं. म्हटलं, अंडं उकळत्या पाण्यात फोडलं की पांढरं घट्ट होऊन भांड्याला चिकटतं, मग ते खरवडावं लागतं. रक्तातल्या प्रोटीनचंही तसंच होतं. आधी कोमट पाण्याने काढायचं आणि मग उष्णता द्यायची. बाई काही बोलल्या नाहीत, वहीत लिहिलं. मग भिंगाच्या दिव्याखाली एकेक टोक बघणं, पाकिटात घालणं, वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांना तीन मिनिटं, पाकिटावर तारीख. ऑटोक्लेव्हच्या सकाळच्या पहिल्या टेस्टची पट्टी त्यांनी मागितली, ती मी दिली. धुण्याच्या खोलीत त्यांना काहीही सापडलं नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

सांगलीत मी असताना आमच्याकडे पाहणी होत नव्हती असं नाही. कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांबद्दल विचारणा व्हायची, एक्स-रेच्या नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला असायचा. पण इन्स्ट्रुमेंट कसं धुता, ते माझ्यासमोर धुवून दाखवा, असं मला त्या अडीच वर्षांत कुणीही म्हणालं नाही. जखम धुवायला सलाइनची बाटली असायची. ती सकाळी फोडायची आणि संपेपर्यंत वापरायची. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. पुढे तामिळनाडूतल्या वाणियंबाडीच्या एका दंतचिकित्सालयाबद्दलचा अभ्यास वाचनात आला. २०२३ मध्ये तिथल्या दहा पेशंटना मेंदूपर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग झाला, त्यातले आठ दगावले. सलाइनची बाटली पेरिऑस्टिअल एलिव्हेटरने, म्हणजे हिरडी हाडापासून सोडवायच्या अवजाराने, उघडायची, मग सैलसर बंद करून पुन्हा वापरायची, या सवयीकडे संशोधकांनी बोट दाखवलं होतं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या ट्रॉलीवरची बाटली उभी राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

असो. बाई म्हणाल्या, "आता इमर्जन्सी."

इमर्जन्सीचं सामान सगळ्यांना ठाऊक असलेल्या एकाच जागी हवं. आमचं रिसेप्शनच्या मागच्या कपाटात. मी बॅग काढून टेबलावर ठेवली. ऑक्सिजनचा सिलिंडर दाखवला. ४६० लिटरचा, मिनिटाला १५ लिटर सोडला तर जेमतेम अर्धा तास पुरेल, तेवढ्यात अँब्युलन्स यायला हवी. बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड, त्यांची तारीख. अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅस्पिरिन, छातीत दुखलं तर जिभेखाली मारायचा स्प्रे, दम्याचा पंप, फिट आली तर गालाच्या आत सोडायचं मिडॅझोलॅम, ग्लुकोज जेल. एकेक उचलून मी तारीख वाचत होते आणि बाई माझ्या रजिस्टरवर बोट सरकवत होत्या. दर सोमवारी एक टिक. सलग, एकही खाडा नाही.

शेवटी नारिंगी डबी. ग्लुकागॉन. रक्तातली साखर इतकी घसरली की माणूस बेशुद्ध पडला, तोंडाने काही देता येत नाही, तेव्हा हे इंजेक्शन स्नायूत द्यायचं. मी तारीख वाचली. मुदत संपायला अजून पाच महिने होते.

बाईंनी डबी हातात घेतली आणि सगळ्या बाजूंनी फिरवली.

"ही कुठे असते?"

"इथेच. बॅगेत."

"फ्रिजमधून कधी काढली?"

मी बेनकडे बघितलं, बेननी माझ्याकडे.

ग्लुकागॉनवर छापलेली तारीख ही ते फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवलं तर असते. बाहेर ठेवलं तरी चालतं, २५ अंशांच्या आत, पण मग जास्तीत जास्त अठरा महिने. म्हणून ज्या दिवशी डबी फ्रिजबाहेर येते, त्या दिवशी तिच्यावर नवी तारीख हाताने लिहायची. आमच्या डबीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

बेन आठवायला लागल्या. जुना फ्रिज बंद पडला होता, मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात. तेव्हा डबी बॅगेत टाकली, नवा फ्रिज वरच्या खोलीत गेला, आणि हाताशी राहील म्हणून डबी बॅगेतच राहिली. मॅनेजरने नव्या फ्रिजचं बिल शोधून आणलं. ऑगस्ट. मी बोटांवर मोजलं. एकोणीस महिने होऊन गेले होते.

डबी बॅगेत आली तेव्हा मी या दवाखान्यात नव्हते. हे मला लगेच सुचलं, आणि तोंडावरही आलं होतं. पण टेबलावर माझं रजिस्टर उघडं होतं आणि त्यात साठ टिका माझ्या अक्षरात होत्या. त्यातल्या शेवटच्या चार-पाच मुदत टळल्यानंतरच्या. मी काही बोलले नाही.

बाईंनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "टिक करताना तुम्ही नेमकं काय बघता?"

"तारीख."

"कुठली?"

मला तेव्हा नोव्हेंबरची दुपार आठवली. आमचे एक काका आहेत, मूळचे जामनगरकडचे, इन्सुलिनवर. त्या दिवशी इन्सुलिन घेऊन आले होते, 'दात काढायचाय तर पोट रिकामं बरं' असं मनाशी धरून काही खाल्लं नव्हतं, आणि आधीच्या पेशंटमुळे त्यांना चाळीस मिनिटं थांबावं लागलं. खुर्चीत बसले आणि घामाने शर्ट भिजला. बोलणं जड झालं. मला वेगळ्याच नावाने हाक मारायला लागले. डॉक्टरांनी ओठाच्या आत ग्लुकोज जेल लावलं आणि मला म्हणाले, "ग्लुकागॉन काढून ठेव." मी डबी काढली, उघडली, पावडरची कुपी आणि पाण्याची सिरिंज तयार ठेवली आणि उभी राहिले. किती मिनिटं ते आठवत नाही. काका शुद्धीवरच होते, जेल गिळत होते, हळूहळू त्यांची नजर स्थिर झाली. इंजेक्शनची वेळ आली नाही. मी डबी मिटून परत बॅगेत ठेवली.

नोव्हेंबरात ती डबी अठरा महिन्यांच्या आत होती. पण तेच मार्चमध्ये झालं असतं तर? माझ्या हातात जे होतं ते काम करेल की नाही, हे मला ठाऊक नसतं. आणि ठाऊक नाही हेसुद्धा ठाऊक नसतं. माझ्या बाबांनाही इन्सुलिन आहे. सांगलीत ते दात दाखवायला जातात तेव्हा सोबत आई असते, आणि पर्समध्ये पारले-जीचा पुडा.

डॉक्टरांनी तिथेच प्रिस्क्रिप्शन लिहिलं, बेन कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेल्या. दुपारी तीनला नवी डबी टेबलावर होती, दोघी अजून दवाखान्यातच होत्या. बाई म्हणाल्या, फ्रिजमध्ये ठेवा किंवा बाहेर ठेवा, तुमचं तुम्ही ठरवा. बाहेर ठेवणार असाल तर आता माझ्यासमोर तारीख लिहा. मी पेन घेतलं. पांढऱ्या लेबलवर आजची तारीख, खाली अठरा महिन्यांनंतरची, आणि माझी सही. अक्षर थोडं हललेलं आहे, अजून दिसतं.

जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून जे दिसलं ते सांगितलं. ग्लुकागॉनचं सांगितलं, आणि ते त्याच दिवशी दुरुस्त झालं हेही. पुढे अहवालातही तेवढंच आलं, साध्या दोन ओळीत. निघताना बाई माझ्याजवळ थांबल्या. "अंड्याचं उदाहरण मी आता माझ्या नर्सेसना देणार आहे," म्हणाल्या.

इथले बरेच डेंटिस्ट सीक्यूसीवर वैतागलेले असतात. कागद फार, वेळ फार, पेशंट बघायचे की फायली भरायच्या, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. पंधरा दिवस आधी कळवून आलेल्या माणसाला दवाखाना सणाच्या कपड्यांतच दिसणार, हेही मला पटतं. पण ती डबी आम्ही सणाच्या कपड्यांतही झाकू शकलो नव्हतो, कारण आम्हाला ती दिसतच नव्हती. तीन जणांनी तीनदा हातात घेऊनसुद्धा. रोज तीच खोली बघणाऱ्या डोळ्यांना बाहेरून आलेला एक डोळा लागतो, हे मला त्या टेबलापाशी पुरतं पटलं. सांगलीतही कुणीतरी यावं आणि म्हणावं, ही बाटली कधी फोडली? इतकंच.

त्या रात्री सांगलीला फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मग नोकरी राहिली ना?" मी म्हटलं, राहिली. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या काकांना सकाळची वेळ देत जा."

रजिस्टरमध्ये मी आता एक रकाना वाढवलाय : 'फ्रिजबाहेर कधी'. टिक बंद केली, त्या जागी तारीखच लिहायची, छापलेली नाही तर खरी. नवीन मुलगी लागलीय, तिला पहिल्या दिवशी ग्लुकागॉनची जुनी डबी सुटी करून दाखवली. कुपी, सिरिंज, पाणी कसं सोडायचं, कशी हलवायची. ती जुनी डबी आम्ही शिकवायला ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात लिहून, पेशंटसाठी नाही.

मे महिन्यात काका आले. सकाळी नऊ वीसची वेळ, दिवसातला पहिला नंबर. मी रिसेप्शनपाशी जाऊन विचारलं, "काका, नास्तो कर्यो?" त्यांनी कोटाच्या खिशातून फॉइलमध्ये गुंडाळलेला उरलेला अर्धा थेपला काढून दाखवला.

मी मागे वळले, कपाट उघडलं, बॅगेतली डबी काढून लेबल वाचलं. मग त्यांना आत बोलावलं.