गिअर पडतो, ट्रक हलत नाही!

आज ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकची नाटकं. ड्राइव्हमध्ये टाकला की दोन-तीन सेकंद नुसता उभा, मग धाडकन धक्का देऊन पुढे. चढावर इंजिन ओरडतंय, वेग मात्र तिथेच. 'गिअरबॉक्स गेला' म्हणणारे लगेच भेटतात. म्हटलं, आधी गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक (पातळी बघायची काडी) तर बघू.

सपाट जागा, हँडब्रेक, इंजिन गरम आणि चालू. ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवले, पार्कमध्ये आणला. या ट्रकचं मॅन्युअल असंच सांगतं; काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, काहींत डिपस्टिकच नसते (ही अक्कल कुणाची, देव जाणे). काडी पुसून परत घातली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! पण रंग लाल, जळका वास नाही. जीव भांड्यात पडला.

हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे गळतंय. खाली शिरून टॉर्च मारला, तर हे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर ओली धूळ. बोट लावलं, लाल. सापडला चोर!

जोड आवळला, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल थोडं थोडं ओतत दर वेळी काडी बघितली. जास्त झालं तरी फेस होऊन तेलाचं प्रेशर कमी होतं. आता गिअर लगेच पडतोय. पाइप उद्या बदलणार.