धामणीचं धनुष्य वाकवताना

माझं पहिलं धनुष्य नुसत्या धामणीच्या लाकडाचं होतं. फळीतले रेषे तिरके जाऊन कडेला बाहेर पडत होते. तिथंच ढलपी उठली आणि पुढच्या ओढीला ते मोडलं. धामण चिवट खरी, कुऱ्हाडीचे दांडे तिचेच करतात. पण फळी कापताना रेषा तुटला की तो चिवटपणा उपयोगी पडत नाही.

म्हणून दुसऱ्या धनुष्याच्या पाठीला बांबू चिकटवला. दोरी ओढली की धनुष्याची पुढची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. ताण सोसावा तो बांबूच्या सालीलगतच्या रेष्यांनीच. माणगा जातीचा बांबू भरीव असला तरी बारीक, त्याची पट्टी फार गोलसर निघते. म्हणून जाडसर कळक निवडला. आतून रंधत पट्टी 3 मिलिमीटरवर आणली. सुतारकाकांनी बजावलं होतं, ‘‘बाहेरून गाठीला रंधा लावू नकोस बाळा, तिथंच तुटेल.’’

पोटाला धामणीच्या दोन निमुळत्या पट्ट्या, मध्ये अरल्डाइट. टोकं एक इंच पुढे झुकतील अशा साच्यावर सगळं ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबनं गुंडाळलं. फार आवळायचं नाही, गोंद सगळा बाहेर येतो. 24 तासांनी सोडलं.

खरी परीक्षा त्यानंतरची. दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारख्या वाकेपर्यंत पोटाकडून खरवडत जायचं, यालाच टिलरिंग म्हणतात. भिंतीतल्या खुंटीवर मूठ टेकवली, दोरी खालच्या कप्पीतून ओवली आणि ताणकाटा लावून लांबून ओढत राहिलो. लक्ष्य होतं दोरी 28 इंचांपर्यंत ओढल्यावर 40 पौंड ताण. काट्यावर 40 दिसले की ओढ तिथंच थांबवायची, भले दोरी 15 इंचच आली असेल. नाहीतर पोटाचे रेषे चेपतात ते कायमचे.

वरची भुजा मधोमध ताठ होती. तिथं पेन्सिलीनं खूण करून काचेच्या तुकड्यानं खरवडलं. रंधा नकोच, कारण जाडी 10 टक्के घटली तर ताठपणा 27 टक्के जातो. दर खरवडीनंतर तीसेक वेळा हलकं ओढायचं, तेव्हा कुठं बदल दिसतो. एका संध्याकाळी मला तेवढा धीर धरवला नाही. न ओढताच दुसऱ्यांदा खरवडलं आणि तिथं भुजा कोपरासारखी वाकू लागली. त्या जागेला पुन्हा हात न लावता तिच्या दोन्ही बाजू आणि खालची भुजा उतरवत नेली. चार पौंड त्यात गेले, त्याची हळहळ अजून आहे.

शेवटी 28 इंचांवर 36 पौंड आले. चिंध्या भरलेल्या पोत्यावर बारा बाण मारले. दोरी उतरवून धनुष्य भिंतीशी धरलं, तर टोकं अजून अर्धा इंच पुढे झुकलेली होती.