डिस्क दिसत नाही, पण कुणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परभणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतोच: "लिनक्स टाकायला गेलो, मधेच बंद पडलं, आता हार्डडिस्कच दिसंना. गेली का?"

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. मी आधी विचारतो, कुणाला दिसंना? बायोसला, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागा होणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या प्रोग्रामला, की विंडोजला? डिस्कवर काय लिहिलंय याच्याशी बायोसला फारसं देणंघेणं नसतं. जोडलेली डिस्क आपलं मॉडेल सांगते, तो ते दाखवतो. त्यामुळे अर्धवट लिनक्सनं डिस्क बायोसमधून सहसा गायब होत नाही. तिथंच नसेल तर आधी केबल बघायची.

गेल्या उन्हाळ्यात सेलूकडून बापलेक आले. पोरानं सीपीयू चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर मांडीत धरून आणलेला. वडिलांचा फोटो स्टुडिओ. लिनक्स टाकताना लाईट गेली, यूपीएसनं दम धरला नाही. लाईट आल्यावर बूट होईना, म्हणून घाबरून पोरानं कॅबिनेट उघडून सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. तेव्हापासून डिस्क बायोसमध्येही नाही. "सर, औंदाच्या सगळ्या लग्नांचे फोटो ह्याच्यातच हैत," वडील एवढंच बोलले.

डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल बोटभर रुंदही नसते. डिस्कच्या बाजूनं ती तिरकी बसली होती, एका कोपऱ्यात फट. काढली, टोक पुसलं, नीट दाबून बसवली. बायोसमध्ये नाव आलं. पोराच्या डोळ्यांत पाणी.

पण काम अर्धंच झालं होतं. दुसऱ्या मशीनला लावल्यावर विंडोज म्हणालं, डिस्क इनिशियलाइज करा. इथं हात आवरा, कृपा करून. ते बटण नवा पार्टिशन टेबल लिहितं. टेबल म्हणजे कुठला भाग कुठून सुरू होतो याची नोंद. ती खराब झाली म्हणून फोटो पुसले जात नाहीत. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवलं, डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि हरवलेले भाग शोधणारा टेस्टडिस्क हा प्रोग्राम त्या नक्कलेवरच चालवला. जुना डेटाचा भाग सापडला. 'पी' दाबल्यावर फोल्डरांची नावं येऊ लागली तशी वडील एकेक वाचत गेले, कुणाची हळद, कुणाचं लग्न.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, लगेच बंद करा.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट वेगळी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनांत व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची एक सोय) चालू असतं, म्हणून लिनक्सच्या इन्स्टॉलरला कधीकधी डिस्क दिसत नाही, विंडोजला दिसते. डिस्क धडधाकट असते. बायोसमध्ये ते बंद करता येतं, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याला सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या मोडमध्ये) सुरू व्हायला सांगून ठेवा, नाहीतर निळा पडदा येतो.

फोटो कॉपी व्हायला रात्र गेली. सकाळी वडील नवी डिस्क विकत घेऊनच आले.