चेकच्या कुळातला राजा

बँकेत चेक वटवण्याच्या, म्हणजे क्लिअरिंगच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. फॉर्मवर ‘धनादेश’ छापलेलं असे, तोंडात मात्र चेकच. वटला का, परत आला का, तारीख उलटून गेली का! या शब्दाचं मूळ पैशात नाहीच, हे निवृत्तीनंतर कोश चाळताना कळलं आणि मी चाट पडलो.

मूळ आहे फारसी ‘शाह’. बुद्धिबळात राजावर मारा झाला की ‘शाह’ म्हणून सावध करायचं. इराणातून खेळ अरबांकडे आणि तिथून युरोपात गेला. शाहचा लॅटिनात ‘स्काकस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. ‘चेस’ हे त्याच एशेकचं अनेकवचन. आपला ‘शह’ही त्याच घरचा. शह बसला की राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवलं की झडती आलीच, म्हणून तपासणंही. १८ व्या शतकात बँकेच्या कागदाचा पडताळणीसाठी मागे ठेवलेला तुकडा चेक झाला आणि पुढे कागदालाच ते नाव चिकटलं. चौकड्यांचा शर्टसुद्धा याच पटावरून ‘चेक्स’चा.

ब्रिटिश स्पेलिंगमध्ये जो ‘क्यू’ घुसला, त्यावर ‘एक्सचेकर’ची छाप आहे. हे इंग्लंडच्या राजाचं हिशेबखातं. १२ व्या शतकात तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्यावर लॅटिनमध्ये ग्रंथच लिहिला. १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबल, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखं रेघांचं काळं कापड; खात्याचं नाव त्यावरूनच. रकान्यांत सोंगट्या मांडून पौंड, शिलिंग, पेन्स मोजायचे. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा, म्हणजे सोंगट्या का लागत ते कळेल. फिट्झनील सांगतो, पटावर राजे झुंजतात तसे इथे खजिनदार आणि शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, झुंजतात. शेरीफाने वसूल आणायचा, खजिनदाराने त्यातली तूट काढायची. ऑडिटला सामोरं गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शाहच्याही मागे जाता येतं. इ.स.पू. ५२० च्या सुमारास इराणचा सम्राट दारियसने तिथल्याच बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवलेल्या लेखात राजाला ‘ख्शायथिय’ म्हटलंय. शाह त्याचाच झिजलेला अवतार, आणि संस्कृत ‘क्षत्र’ त्याचा सख्खा नातेवाईक. म्हणजे आम्ही ‘सही जुळत नाही’ म्हणून परत धाडत होतो, ती सगळी क्षत्रियांची भावकी.