कोंबड्या चौदा, डोस शंभर

आमच्याकडे राणीखेतच्या, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीच्या, लशीची सगळ्यात लहान बाटली मिळते ती शंभर डोसची. माझ्या खुराड्यात पक्षी चौदा, त्यातला एक कोंबडा. बाटलीतली लस एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली ठेवून चालत नाही. म्हणजे शहाऐंशी डोस वाया. पैशाचं एवढं काही नव्हतं, लस स्वस्तच असते. पण माझ्या कोंबड्या दिवसभर वाडीभर हिंडतात. वरच्या घरच्या उकिरड्यावर उकरतात, शेजारच्या काकीच्या पडवीत जाऊन सांडलेला भात टिपतात. मी एकटीने टोचून घेतलं तरी रोग वाडीतच मुक्कामाला राहणार आणि पुढच्या खेपेच्या पिल्लांना गाठणार.

लांजा तालुक्यात ज्यांच्याकडे चार कोंबड्या आहेत त्यांना मानमोडी सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी चरणारी कोंबडी सकाळी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडी टाकून श्वास, मग मान एका बाजूला पिळवटते. त्यावर औषध नाही. एका घरात शिरली की आठवड्यात वाडी रिकामी. १९२० च्या दशकात कुमाऊंतल्या राणीखेतला हा रोग आढळला म्हणून आपल्याकडे त्याचं नाव तसं पडलं. मोठ्या पक्ष्यांना जी आर-टू-बी लस टोचतात तिच्यातल्या विषाणूचं वाणही तिकडचंच, मुक्तेश्वरचं.

तरी माणसं कोंबड्या पाळायचं सोडत नाहीत, आणि का सोडत नाहीत ते खुडूक कोंबडी पाहिल्याशिवाय कळत नाही. माझी तांबडी वर्षातून तीन-चारदा अंड्यांवर बसायचा हट्ट धरते. डोळे अर्धवट मिटलेले, हात घातला तर पिसारा फुलवून चोच मारते. काकीने तिला बसवायची रीत शिकवली. टोपलीत खाली माती, वर भाताचा पेंढा, अंडी विषम संख्येत, आणि कडेला एक लोखंडी खिळा नि कोळसा, म्हणजे गडगडाटाने अंडी बिघडत नाहीत. खिळ्याचा विजेशी काय संबंध ते मला ठाऊक नाही, पण मी ठेवते. सातव्या रात्री अंधारात अंड्याखाली मोबाइलची बॅटरी धरायची. ज्यात जीव धरलाय त्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, जे मोकळं आहे ते आरपार उजळतं. मोकळी काढून टाकायची. एकविसाव्या दिवशी टोपलीतून चिवचिव ऐकू आली की घरातली सगळी माणसं चहा सोडून बघायला येतात, माझे सासरेसुद्धा, ज्यांना एरवी कोंबड्या म्हणजे अंगण घाण करणारी जात वाटते.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यात अर्धा वेळ अशी रुसून बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज शंभरावर देते, अंगानेही भरते. मी दोन आणल्या होत्या. अंडी दिली, पण बसायचं नाव नाही, आणि जड अंगामुळे मुंगुसाच्या तावडीत आधी त्याच सापडल्या. मुंगूस मान फोडतं आणि बाकीचं तिथेच टाकून जातं, याचा राग मला अजून आहे. तेव्हापासून चिऱ्यांच्या खुराड्याला बारीक जाळीचं दार आहे, आणि पिल्लं महिनाभर डालग्याखाली. घारीला काही उपाय नाही. तांबडी तेवढी वर बघून ओरडते नि पिल्लं आंब्याच्या कलमाखाली पळतात.

तर लस. मी घरोघर गेले. वाडीतल्या कोंबड्या मोजल्या तर ऐंशीच्या आसपास निघाल्या, म्हणजे बाटली फारशी वाया जाणार नव्हती. काकी म्हणाली, "गावठी कोंबडीला कसलं गो इंजेक्शन? आम्ही काय मेलो इतकी वर्षं?"

"तू नाय मेलीस काकी, कोंबड्या मेल्या. गेल्या वैशाखात किती उरल्या तुझ्या?"

काकीने उत्तर दिलं नाही, पण तिच्या सुनेने मागून तीन बोटं दाखवली.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पर्यवेक्षकांनी अटी सांगितल्या. टोचायच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. मरगळलेली कोंबडी टोचायची नाही. दोन महिन्यांखालच्या पिल्लांना ही लस नको, त्यांना लासोटा नावाची वेगळी लस, तीसुद्धा पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आणि बर्फ. दवाखान्यापासून सुईपर्यंत बाटली गार राहिली पाहिजे, नाहीतर आपण कोंबड्यांना नुसतं पाणी टोचत असतो. पुतण्या मोटारसायकलवरून थर्मासात बर्फ आणि बाटली घेऊन आला. बर्फ टिकावा म्हणून मध्ये कुठे थांबायचं नाही असं बजावलं होतं, तरी तो वडापाव खाऊनच आला. बर्फ टिकला होता.

संध्याकाळ निवडली ती कोंबड्या अंधारात हलत नाहीत म्हणून. पर्यवेक्षक स्वतः आले, हे त्यांचे उपकार. पन्नास मिली गार सलाईनमध्ये लस विरघळवली, दर कोंबडीला अर्धा मिली, पंखाखालच्या कातडीत. मी आत हात घालून एकेक बाहेर काढायची, दोन्ही पंख एका मुठीत धरून. पोरं बॅटरी धरायची. सुई शिरली की कोंबडी एकदाच "क्यँक" करते, आणि सोडल्यावर अपमान झाल्यासारखी अंग झाडून आत जाते. कोंबडा मात्र शेवटपर्यंत बोंबलत राहिला.

अडचण काकीकडे आली. तिच्या निम्म्या कोंबड्या खुराड्यात झोपतच नाहीत, फणसावर चढतात. बाटली फोडून तासाच्या वर झाला होता. शिडी लावली, पुतण्या वर चढला आणि पिकलेली फळं उतरवावीत तशी एकेक कोंबडी गोणपाटात भरून खाली दिली. खाली काकी स्वतः पंख धरून उभी. "अगो, हिला हलकेच टोच, ही अंड्यावर आहे," असं प्रत्येकीबद्दल सांगत होती.

नंतरचे काही दिवस अंडी घटली. हे होतं, पर्यवेक्षकांनी आधीच सांगितलं होतं, पण वाडीला सांगायचं काम माझं होतं. सकाळी उठून कोणीतरी रिकामी टोपली दाखवायला यायचंच. पंधरवड्यात अंडी परत सुरू झाली आणि तक्रारी थांबल्या.

यंदाचा वैशाख गेला. खालच्या वाडीत मर आली, तिथली बरीच खुराडी ओस पडली. आमच्याकडे दोन कोंबड्या गेल्या, एक मुंगुसाने आणि एक पाहुण्यांसाठी. मानमोडीने एकही नाही. याचं सगळं श्रेय सुईला द्यावं की नशिबाला, यावर काकीचा आणि माझा वाद चालू आहे. तिच्या मते खिळा-कोळसा.

पुढची बाटली दिवाळीनंतर आणायची ठरलीय. खालच्या वाडीचीही माणसं विचारून गेली, म्हणजे आता एक बाटली पुरायची नाही. फणसाचा बुंधा काकीने पत्र्याने वेढलाय, कोंबड्या चढू नयेत म्हणून. त्या आता आमच्या कलमावर झोपतात.