माझ्या कॅमेऱ्यात दुसऱ्याचं बोट

९ सप्टेंबर २०२२, अनंत चतुर्दशी. गिरगावातल्या एका वाडीच्या मंडळाने स्मरणिकेचे फोटो काढायला मला बोलावलं होतं. कोरोनाच्या दोन वर्षांत सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा होती. ती उठल्यावर मंडळाने सगळी हौस एकदम भागवून घेतली. आत आणतानाच मूर्तीच्या प्रभावळीचं टोक वाडीच्या कमानीला घासलं होतं, आणि तेव्हापासून बाहेर काढायच्या विचाराने सगळे धास्तावलेले. अध्यक्षांना नेमका तोच फोटो हवा होता, आणि तोही वरून. विसर्जनाच्या गर्दीत ड्रोनचा प्रश्नच नव्हता.

कमानीला लागून एका आजींची दुसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे. सकाळीच जाऊन लाकडी कठड्याला क्लॅम्प आवळला, त्यावर कॅमेरा बसवला, आणि खाली शेकडो डोकी असणार म्हणून सायकलच्या ब्रेकची तार बांधून त्याला वेगळा आधार दिला. पावसाचा भरवसा नाही, म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी. दुसरा कॅमेरा घेऊन मी खाली गर्दीत राहणार, आणि वरचा रिमोटने चालवणार.

रिमोट बोरा बाजारातला, हजाराच्या आतला. अस्सल कंपनीच्या एकाच्या किमतीत असे बरेच येतील. दोन डब्या असतात. एक कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेत बसते आणि वीतभर वायरीने कॅमेऱ्याला जोडली जाते, दुसरी आपल्या मुठीत. याहून स्वस्त इन्फ्रारेडवाला मिळतो, पण तो कॅमेऱ्याच्या समोर येऊन दाखवावा लागतो आणि भर उन्हात आंधळा होतो. हा रेडिओवर चालतो, त्याला भिंत आडवी आली तरी चालते. खोक्यावर शंभर मीटर छापलेलं होतं. त्यावर जाऊ नये. माणसाचं शरीर निम्म्याहून जास्त पाणी, ते लहरी शोषून घेतं, त्यामुळे दाट गर्दीत हात डोक्यावर नेऊनच बटण दाबलेलं बरं.

फोकस आधीच कमानीवर करून लेन्स मॅन्युअलवर टाकली, रिंगला चिकटपट्टी लावली. नाहीतर कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि क्लिक होतच नाही. एका मुंजीत हे महागात शिकलोय.

स्वस्त रिमोट उलट काही सांगत मात्र नाही. आपल्या हातातला दिवा लागतो, पण वर फोटो निघाला का, देव जाणे. ताशा कडाडत असताना शटरचा आवाज कोण ऐकणार! म्हणून आजींच्या सातवीतल्या नातवाला कॅमेऱ्याशेजारी उभं केलं. डबीवरचा दिवा लाल झाला की हात वर करायचा, एवढंच त्याचं काम. पोरगा भलताच इमानदार निघाला.

चारच्या सुमारास ट्रॉली हलली. मूर्ती कमानीत शिरली तेव्हा दोन्ही बाजूंना वीतभरसुद्धा जागा नव्हती. बांबूने वायरी उचलणारे, ट्रॉलीला खांदा लावणारे, ‘डावीकडे घे, डावीकडे!’ म्हणून घसा फोडणारे. माझ्या पुढ्यात एक म्हातारे कार्यकर्ते डोळे मिटून हात जोडून उभे होते. रिमोट गळ्यात दोरीला सोडला आणि दोन्ही हातांनी खालचा कॅमेरा डोळ्याला लावला. म्हटलं, एवढा एक घेतो, मग वरचा दाबतो. हा हावरटपणा मला नेहमी नडतो. डोळ्यावरून कॅमेरा काढला तेव्हा प्रभावळ कमानीच्या बाहेर होती आणि लोक गुलाल उधळत होते.

वर पाहिलं तर पोरगा हात वर-खाली, वर-खाली. मला वाटलं, नाचतोय. इतक्यात मोबाइल थरथरला. त्याचाच मेसेज: ‘काका सारखे निघतायत. आजी म्हणते बाप्पाच काढतोय.’

बटण गर्दीत दबून अडकलं असेल, म्हणून हातातल्या डबीची बॅटरीच काढली. तरी पोराचा हात वर जायचा थांबेना. आता कार्ड भरणार, कॅमेऱ्याची बॅटरी उतरणार, आणि जिना तर माणसांनी असा गच्च भरलेला की वर जाणं अशक्य.

तेवढ्यात फुटपाथवर एक तरुण दिसला. उंच मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर चढवलेला कॅमेरा खाली घेऊन त्याचा पडदा बघत होता आणि हातातली डबी कानाशी नेऊन हलवत होता. डबी हुबेहूब माझ्यासारखी. मी बॅटरी परत घालून बटण दाबलं. त्याच्या पडद्यावर नवा फोटो उमटला आणि तो दचकला. मग मी खुणेने त्याला दाबायला सांगितलं. गॅलरीत पोराचा हात वर.

बॅटरीच्या झाकणाखाली चार इवलेसे स्विच असतात. त्यांच्या उलटसुलट जोडण्यांनी सोळा चॅनेल होतात, आणि आम्ही दोघांनीही ते खोक्यातून निघाले तसेच, म्हणजे एकाच चॅनेलवर ठेवलेले. माझी वरची डबी हाताशी नव्हती, म्हणून बदलायचं त्यानेच ठरवलं. स्विच नखाने सरकेनात. लेझीम पथकातल्या एका ताईंनी पदराची पिन काढून दिली, ‘परत द्या हां’ असं बजावून. त्यानंतर पोराचा हात माझ्याच हुकमाने वर जाऊ लागला. पण आता काढायला होतं काय? रिकामी कमान आणि चपलांचा खच.

रात्री कार्ड उघडलं. तीनशेच्या वर फोटो, माझे त्यात जेमतेम साठ. चाळता चाळता थांबलो. मूर्ती बरोबर कमानीच्या मधोमध, प्रभावळीच्या दोन्ही टोकांपाशी दगडाला लावलेले तळहात, आणि वर पाहणारे सगळे चेहरे. एकच माणूस वर पाहत नव्हता, डाव्या कोपऱ्यातला. दोन्ही हातांत कॅमेरा, छातीवर लोंबणारा रिमोट. मीच तो.

अध्यक्षांनी तोच निवडला. मी खरं काय ते सांगितलं, तर हसून म्हणाले, ‘दोघांचं नाव टाकू की!’ त्या तरुणाला फोन केला. नेमक्या त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या फोटोत बांबूवाला आडवा आला होता. आधी त्याने एक सणसणीत शिवी हासडली, मग म्हणाला, ‘दादा, तुमच्या बोटाचे पण आहेत माझ्याकडे, पाठवू?’

अकरा आले. नऊमध्ये आभाळ आणि केबलच्या वायरी. एकात कोणाचा तरी गुलालाने माखलेला पंजा. आणि एकात दुसऱ्या मजल्याची गॅलरी, प्लॅस्टिकच्या पिशवीतला माझा कॅमेरा, आणि त्याच्या शेजारी हात वर केलेला आजींचा नातू.