ट्रिनिडादचा शिकलगार

डेन्व्हरहून सकाळी साडेसहाला निघालो. डिकीत कुलूप लावलेली पेटी, पेटीत रिकामं रिव्हॉल्व्हर. "एवढ्याशा कामासाठी तीनशे किलोमीटर?" बायको म्हणाली. तिला मी मिरजेची आठवण करून दिली. मुंबई-पुण्यात वाद्यांची दुकानं काय कमी आहेत? तरी जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची नाजूक घडण, बिघडली की लोक तंबोरा घेऊन मिरजच गाठतात.

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं, 'मिलिटरी अँड पोलीस' जातीचं, पॉइंट थर्टीएट स्पेशल. ही जात १८९९ पासून निघतेय आणि साठ लाखांच्या वर बनलीय, तेव्हा दुर्मीळ वगैरे काही नाही. माझं पाच स्क्रूंचं, म्हणजे १९५५ च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. शेजारच्या आजोबांकडून घेतलं. एच-वनबी व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर असताना सहसा बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत नुसतं बघतच होतो. आणि कोलोरॅडोत २०१३ पासून शेजाऱ्याकडून घ्यायची तरी परवानाधारक दुकानात जाऊन तपासणी करून घ्यावी लागते. आजोबा कुरकुरत आले, पण आले.

दोष असा, की घोडा सावकाश चढवला तर गोळ्यांच्या सहा घरांपैकी दोन घरांना सिलिंडर, म्हणजे ती घरं असलेलं फिरतं नळकांडं, पूर्ण फिरत नाही, केसभर अलीकडे थांबतं. मग घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत, आणि गोळी नळीत शिरताना कडेला घासते. घराजवळच्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतलं, दोष होता तसाच परत दिला आणि वर एका स्क्रूची खाच चेचून ठेवली. बिल मात्र व्यवस्थित.

म्हणून ट्रिनिडाद. कोलोरॅडोतलंच, न्यू मेक्सिकोच्या सीमेला टेकलेलं कोळशाच्या खाणींचं जुनं गाव. इथल्या कॉलेजात १९४७ पासून बंदुका दुरुस्त करायचं रीतसर शिक्षण मिळतं. तिथे शिकलेले काहीजण गावातच राहून गेले, त्यांतल्याच एकाचा पत्ता मला मिळाला होता.

प्वेब्लोपर्यंत रस्ता कंटाळवाणा. वॉल्सनबर्गनंतर उजवीकडे स्पॅनिश पीक्सची जोडी दिसायला लागते आणि मग गाडीचा वेग आपोआप कमी होतो. गावाच्या थोडं अलीकडे लडलोचा फाटा आहे, तिथे वळलो. संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर २० एप्रिल १९१४ ला नॅशनल गार्डने गोळीबार केला. तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून गेली. तो खड्डा अजून आहे, वर लोखंडी झाकण, आत उतरायला पायऱ्या. मी उतरलो नाही. डिकीतल्या पेटीसकट तिथे उभं राहणं जरा जड गेलं, हे मात्र खरं.

ट्रिनिडादमध्ये रस्त्यांच्या विटांवर गावाचं नाव कोरलंय. कारागिराचं दुकान म्हणजे घरामागचं गॅरेज. सत्तरीचा माणूस, मला 'यंग मॅन' म्हणाला, मी बावन्नचा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, हे त्याने दोनदा बघितलं, आणि मग सिलिंडर नाही की नळी नाही, आधी स्क्रू बघितले. "ह्याला हात कोणी लावला?"

मी यादी काढली. नळी आखूड करायची, चाप हलका करायचा, निळी झिलई आरशासारखी करायची. त्याने यादी घेतली आणि एकेक ओळ खोडत गेला. नळी कापली की नेम धरायची पुढची माशी जाते, ती नव्याने डकवावी लागेल. चापासाठी स्प्रिंग नरम केली की घोड्याचा घाव हलका पडतो आणि ऐन वेळी काडतूस पेटत नाही. चाप नि घोड्याची कडक साय वरवरचीच असते, घासून ती गेली की खालचं लोखंड मऊ. आणि झिलईसाठी पॉलिश केलं तर कंपनीच्या ठशांच्या कडा बोथट होणार. राहिली एक ओळ: सिलिंडर.

बाजूचं झाकण त्याने उचकटलं नाही. स्क्रू काढले आणि लाकडी मुठीने सांगाड्यावर टकटक केलं. झाकण आपसूक वर आलं. आतली एक बोटभर पट्टी सिलिंडरला ढकलते, ती झिजलेली. तो किंचित रुंद नवी पट्टी घेऊन बसला. कानशीचे दोन हात, बसवायची, सिलिंडरवर बोट टेकवून घोडा चढवायचा, सहाही घरं, पुन्हा काढायची. मी लहानपणी मिरजेत असाच कट्ट्यावर बसून जवारी काढताना बघायचो. तिथे घोडी, इथे घोडा. कानस एकदा जास्त लागली की दोन्हीकडे संपलं. मिरजेचे सतारमेकर मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचा धंदा बसला तेव्हा ते वाद्यांकडे वळले. हे मी त्याला सांगितलं. "मग त्यांना हे काम जमेल," एवढंच म्हणाला, मान वर न करता.

संध्याकाळ झाली, काम राहिलं. बंदूक रात्रभर ठेवून घ्यायची तर परवान्याच्या वहीत नोंद करावी लागते. नंबर त्याने एका दमात लिहिला, माझ्या आडनावाला तीन प्रयत्न लागले.

तीन आठवड्यांनी परत गेलो. सिलिंडर आणि नळीमधली फट त्याने पत्तीने मोजून दाखवली: इंचाच्या हजार भागांतले सहा. मग माझं बोट सिलिंडरवर ठेवलं आणि म्हणाला, चढव. सहाही वेळा स्वच्छ टक् आवाज. जुनी पट्टी त्याने औषधाच्या रिकाम्या डबीत घालून दिली.

तो चेचलेला स्क्रू तसाच होता. नवा का नाही टाकलात, विचारलं.

"तो ह्याच बंदुकीचा आहे," तो म्हणाला, आणि बिल लिहायला घेतलं.